कुकर न्या, पण ‘डांके’ जपून म्हणा

आमच्या बिल्डिंगमधून दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात एखादं तरी पोर शिकायला जर्मनीला निघतं. मग त्याची आई मला जिन्यात गाठते. “तुम्ही राहून आलात ना हो, जरा सांगा त्याला काय काय न्यायचं ते.” यादी तिच्या हातात तयारच असते. कुकर, गोडा मसाला, मेतकूट, थर्मल, क्रोसिनच्या पट्ट्या, पोळपाट न्यायचा की तिथे मिळतो. बॅग वजनकाट्यावर तीनदा चढते, तीनदा उतरते. पण तिथे गेल्यावर वागायचं कसं, हे आजवर एकीनेही विचारलेलं नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. पुढच्या वेळी जिन्यात उभं राहायला नको, नुसतं पाठवून देईन.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. लग्न झाल्यावर २०१० ते २०१७ स्टुटगार्टला होते, आता गोरेगावला असते. स्टुटगार्ट म्हणजे जर्मनीच्या नैर्ऋत्येचं, मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९६८ पासून ते मुंबईचं जोडशहर आहे, पण हे ना तिथल्या कुणाला ठाऊक ना इथल्या. सातातली शेवटची तीन वर्षं मी एका बेकरीच्या काउंटरमागे उभी होते. माणसं कशी वागतात हे बघायला काउंटरसारखी जागा नाही. तर मी सांगते ते स्टुटगार्टचं. टोकियोला नाहीतर टोरांटोला निघाला असाल तर तिथले रिवाज वेगळे, पण शिकायची रीत तीच.

आणि ती रीत तुम्हाला येते. लोकलमध्ये शिकलाय तुम्ही. दादरला उतरायचं तर माहीमलाच उठून दाराकडे सरकायचं. बसलेल्या बाईला “कुठे उतरणार?” विचारून सीट बोलून ठेवायची. तिघींच्या बाकावर चौथी येऊन टेकली की बाकीच्यांनी न बोलता एकेक वीत सरकायचं. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची. आणि बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार फास्टच्या वाटेला जायचं नाही. हे कुठल्या शाळेत शिकवलं? थोडं बघून आलं, थोडं शिव्या खाऊन. नवीन माणसाला लोकल म्हणजे नुसता गोंधळ वाटतो, आणि आत शिस्त किती कडक आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं. परदेशातही तसंच आहे, फक्त तिथे गोंधळलेला नवा माणूस आपण असतो. पहिले पंधरा दिवस लोकांच्या तोंडाकडे कमी आणि हातापायांकडे जास्त बघा. बूट कुठे काढतात, दुकानात शिरताना काय पुटपुटतात, डॉक्टरच्या बाकड्यावर आवाज किती ठेवतात. (तिथे डॉक्टरकडे शिरताना बसलेल्या सगळ्या अनोळखी पेशंटना मिळून एक नमस्कार ठोकायचा असतो, आणि मग तासभर कुणाशी चकार शब्द नाही.)

केक कसा गेला

पहिल्याच महिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी आम्हा दोघांना कॉफी-केकला बोलावलं. टेबलावर पांढरी चादर, मधोमध आलुबुखाराचा केक, शेजारी फेटलेल्या क्रीमचं भांडं. मी काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मनची पहिली परीक्षा देऊन गेलेली, त्याशिवाय नवऱ्याबरोबर जायचा व्हिसाच मिळत नव्हता. तेव्हा ‘डांके’ म्हणजे धन्यवाद, हे पक्कं पाठ. आजींनी केकचा तुकडा उलथण्यावर तोलत माझ्या ताटलीशी आणला आणि भुवया उंचावून विचारलं. मी छान हसून म्हणाले, “डांके.”

उलथणं तिथूनच वळलं आणि तुकडा नवऱ्याच्या ताटलीत पडला.

म्हटलं, विचारतील पुन्हा. नाही विचारलं. नवरा समोर बसून क्रीम लावून लावून दोन तुकडे खातोय आणि मी कडू कॉफी पितेय. घरी आल्यावर त्याला म्हटलं, निदान एकदा विचारायचंस तरी. तर म्हणतो, तूच नको म्हणालीस ना.

तर पहिला धडा. तिथे कुणी काही पुढे केलं आणि तुम्ही नुसतं ‘डांके’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘नको’. हवं असेल तर ‘या, गेर्न’ म्हणायचं, म्हणजे हो, आवडेल. आणि नको म्हणालात की विषय संपला, कुणी आग्रह करणार नाही. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे नको नसतंच. पानावर हात आडवा धरायचा तोसुद्धा बोटांमध्ये फट ठेवून, वाढणाऱ्याची जिलबी बरोबर आत पडेल अशी. तिथे हात आडवा केलात तर तो आडवाच राहतो. आजी काही कंजूष नव्हत्या. मोठ्या बाईला तिचं पोट कळतं, तिच्या ‘नको’वर आपण कशाला शंका घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. हे मला कळायला वर्ष गेलं.

उलट बाजूही आहे. तुमच्याकडे ते जेवायला आले आणि तुम्ही आपल्या सवयीने तिसऱ्यांदा भात वाढायला निघालात, तर ते घाबरतात. मी पुढे पुढे आधीच सांगून टाकायचे, की आमच्याकडे तीनदा विचारतात, तिन्ही वेळा नाही म्हटलंत तरी मला राग येणार नाही. मग लोक हसायचे आणि चौथ्यांदा स्वतःच मागून घ्यायचे.

‘बघू’चंही असंच आहे. मुंबईत ‘बघू’, ‘करूया ना’, ‘या ना एकदा घरी’ ही सगळी माणुसकीची वाक्यं आहेत, कामाची नाहीत. बेकरीतल्या एका बाईला मी निघता निघता म्हणाले, ये ना कधीतरी जेवायला. तिने लगेच एप्रनच्या खिशातून छोटी डायरी काढली आणि पेन उघडून विचारलं, कधी? मी इकडे तिकडे बघितलं. शेवटी तीन आठवड्यांनंतरचा शनिवार लिहिला गेला, संध्याकाळी सात. आणि ती तीन आठवड्यांनी, सात वाजता, मधे एकही आठवण न करता, दारात. बरं झालं मी कॅलेंडरवर लिहिलं होतं. तेव्हा मनात नसेल तर बोलावू नका. आणि ऑफिसमध्ये साहेबाने “शुक्रवारपर्यंत होईल का?” विचारलं आणि होणार नसेल, तर ‘प्रयत्न करतो’ असं मान हलवत म्हणू नका. “नाही, मंगळवारी देतो,” असं सरळ सांगा. तिथे नाही म्हटल्याचा राग येत नाही, हो म्हणून न केल्याचा येतो. आपली ती मान डावी-उजवीकडे डोलवायची सवय तर आवराच. त्यांना ती ‘नाही’ दिसते.

वेळेबद्दल सगळे सांगतातच, म्हणून एकच गोष्ट. चारला बोलावलं असेल तर चारला जायचं, पण पावणेचारला नाही. लवकर येणं हीसुद्धा आगळीकच, यजमानीण अजून केस विंचरत असते. आम्ही दहा मिनिटं आधी पोचलो की कोपऱ्यावर उभे राहायचो, जानेवारीतसुद्धा. आणि आंघोळीला जाताना फोनवर “निघालोच” म्हणायची सवय मुंबईतच ठेवून जा.

तू, तुम्ही आणि काकू

मराठी माणसाला जर्मनमधलं ‘डू’ आणि ‘झी’ सोपं जातं, कारण आपल्याकडे तू आणि तुम्ही आहेच, असं मला क्लासमध्ये सांगितलं होतं. अर्धं खरं आहे. व्याकरण सोपं जातं, पण वाटणी वेगळी आहे. आपण कुणाला तू म्हणतो आठवून बघा. आईला, देवाला, मित्राला. आणि भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, केर काढायला येणाऱ्या बाईला, मग ती आपल्या आईच्या वयाची का असेना. तिथे पहिले तिघे ‘डू’ आहेत, दुसरे तिघे कधीच नाहीत. बेकरीत पहाटे फरशी पुसायला येणाऱ्या बाईंना मालक स्वतः ‘झी’ म्हणायचा, आडनाव घेऊन, आधी ‘फ्राउ’, म्हणजे श्रीमती, लावून. मी पहिल्या दिवशी त्यांना ‘डू’ म्हणाले. व्याकरण चुकलं असं समजून त्यांनी शांतपणे दुरुस्त केलं. व्याकरण चुकलं नव्हतं, सवय होती. ते मला आजही टोचतं. इथे परत आल्यावर मी आमच्या कामाच्या मावशींना अहो-जाहो सुरू केलं तर त्या म्हणाल्या, “ताई, काय चुकलं का माझं?”

कुणाला कधी ‘डू’ म्हणायचं? जो वयाने किंवा हुद्द्याने मोठा आहे तो म्हणेल तेव्हा. तो रीतसर सांगतो, आजपासून आपण ‘डू’ म्हणू, आणि हात पुढे करून आपलं पहिलं नाव सांगतो. तोवर वाट बघा. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या दिवसापासून ‘डू’ म्हणतात, नव्या छापाच्या कंपन्यांमध्येही म्हणतात. पण प्रोफेसर, घरमालक, पोलिस, बँकेतली बाई, दुकानदार यांना ‘झी’.

आणि नाती लावू नका. हे आपल्याला फार जड जातं. मुंबईत बसच्या कंडक्टरलाही ‘काका, जरा थांबवा’ म्हणतो आपण, आणि बस थांबते. मी खालच्या मजल्यावरच्या आजींना एकदा प्रेमाने ‘ओमा’ म्हणाले, म्हणजे आजी. त्या थबकल्या. नंतर म्हणाल्या, माझी नातवंडं हांबुर्गला असतात, मी त्यांची ओमा. राग नव्हता, पण मला कळलं. मी सात वर्षं त्यांना ‘फ्राउ अमुक’ म्हणत राहिले आणि घरात त्यांच्याविषयी बोलताना आजी.

‘बिट्टे’ हा शब्द मात्र खिसाभर ठेवा. आपल्या मराठीत विनंतीला वेगळा शब्द रोज लागत नाही. ‘कृपया’ फक्त स्टेशनातली बाई म्हणते. आपलं सगळं ‘जरा’ आणि ‘ना’वर भागतं: “जरा पाणी दे ना.” त्यामुळे परक्या भाषेत बोलताना आपलं ‘जरा’ही गळतं, ‘ना’ही गळतं, आणि उरतं नुसतं “पाणी दे.” काउंटरवर नव्या मराठी-हिंदी पोरांचं हे मी शंभरदा ऐकलंय. पोरं सालस, वाक्य फौजदाराचं. ‘बिट्टे’ म्हणजे तुमचं ‘जरा’ समजा आणि दर मागणीला लावा. दुकानात शिरताना आमच्या भागात ‘ग्र्युस गॉट’ म्हणतात, निघताना ‘आडे’. न बोलता आत शिरून बोटाने ब्रेड दाखवणारा माणूस कितीही हसरा असला तरी उद्धट ठरतो.

दारावरची पाटी

राहायला गेल्यावर पहिल्या दिवशी करायचं काम म्हणजे बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव लावणं. तिथे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. बँकेचं कार्ड, व्हिसाचे कागद, सगळं पत्रानेच येतं. आमच्या ओळखीच्या एका पोराने पहिला महिना बेलवर जुन्याच भाडेकरूचं नाव राहू दिलं आणि मग बँकेशी भांडत बसला. वॉचमन नसतो, तेव्हा तुम्ही घरी नसलात की पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून जातात. त्याच संध्याकाळी जाऊन आणा, आणि कधी त्याचं तुमच्याकडे आलं तर कुरकुर न करता घ्या. शेजाऱ्याशी पहिली ओळख बहुतेकांची अशीच होते.

आता खास स्टुटगार्टचं प्रकरण. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला दोरीने एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली. वर झाडूचं चित्र, खाली सुबक अक्षरात काहीतरी. मला वाटलं शेजाऱ्यांनी नव्या जोडप्याला भेट दिली. किती छान, म्हणून मी ती आत आणून किचनच्या खिळ्याला लावली. आठ दिवस झाले, दहा झाले. मग एका शनिवारी आजींनी बेल वाजवली. त्या काही बोलल्या नाहीत. जिन्याच्या कठड्यावरून एक बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोटाचं टोक राखाडी.

पाटीवर लिहिलं होतं ‘केरवोखे’. केरनं म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. आपला ‘केर’ इतक्या लांब, तोही झाडायच्याच कामाला, बघून मला त्या परिस्थितीतही हसू आलं. प्रकार असा, की पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात त्याने आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना झाडून पुसायचा, कठडा पुसायचा, खिडकी पुसायची आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर अडकवायची. ही छोटी केरवोखे. मोठीत बाहेरचा फुटपाथ, तळघर, कचऱ्याच्या पेट्यांची जागा, आणि हिवाळ्यात बर्फ. कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत घरासमोरचा बर्फ खरवडून वाट करायची, कारण तिथे कुणी घसरून पडलं तर ती तुमची जबाबदारी. भाडेकरारात हे लिहिलेलं असतं. करार नीट वाचा, न कळेल तो परिच्छेद कुणाकडून तरी समजावून घ्या. आम्ही फक्त भाड्याचा आकडा वाचला होता.

चाळीत वाढलेल्या मुलीला हे खरं तर नवीन नको होतं. आमच्याही मजल्यावर गॅलरी धुवायच्या पाळ्या होत्या, आणि पाळी चुकवणाऱ्या बिऱ्हाडाचं नाव नळावर निघायचं. फरक एवढाच, की चाळीत जोशीकाकू ओरडायच्या आणि इथे आजींनी बोट दाखवलं. मी चाळीसारखाच उकिडवं बसून जिना पुसला. दोन मजल्यांची माणसं येऊन बघून गेली. नंतर नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने गुपित सांगितलं: शनिवारी सकाळी कर, बुधवारी रात्री नको. केरवोखे झाली पाहिजे हे खरंच, पण ती होताना दिसलीही पाहिजे. बादली वाजू दे. त्या दिवसापासून मी बादली वाजवली, आणि जिन्यात मला नमस्कार वाढले.

कचऱ्याचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या गावची यादी पालिका घरपोच देते. ओला तपकिरी पेटीत, कागद वेगळा, वेष्टनं आणि डबे वेगळे, उरलेला वेगळा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, पांढरी, हिरवी आणि तपकिरी काच निरनिराळी, निळी बाटली हिरव्यात. त्याही रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, बियरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८. ती फेकू नका, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून पैसे परत घ्या. आमच्या लहानपणी आरेच्या दुधाची रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही, तेच हे. बाटल्यांवरून आठवलं, कॅशियर सामान भराभर पुढे लोटते ते तुमच्यावर चिडली म्हणून नाही. पिशवी आपली, भरायचं आपण, आणि मागच्याला खोळंबा न करता.

रविवार आणि मिक्सर

रविवारी दुकानं बंद. ही नुसती रीत नाही, रविवारची विश्रांती त्यांच्या राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं १३९ वं कलम आजच्या घटनेने तसंच ठेवलंय. बेकरी काही तास उघडी, मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी, बाकी शांत. दूध-कांदे शनिवारीच आणा. ड्रिल, हातोडा, व्हॅक्यूम, यातलं काही रविवारी नाही. रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि बऱ्याच इमारतींच्या नियमांत दुपारी एक ते तीनसुद्धा. आम्ही गेलो त्या आठवड्यात रात्री साडेदहाला मी इडलीचं पीठ वाटायला घेतलं. भारतातून नेलेला मिक्सर, त्याचा आवाज म्हणजे कोस्टल रोडचं काम. सकाळी जिन्यात चिठ्ठी. अतिशय सभ्य भाषा, ‘प्रिय शेजारी’पासून सुरुवात, आणि मधे कुठेतरी ‘यंत्र’ असा उल्लेख. चिठ्ठ्या तिथे फार. सायकल कुठे ठेवू नये, तळघराचं दार किती वेळा लावावं. मुंबईकराच्या जिभेवर येतं ते बोलूनच टाकते, जर्मनीतली प्रत्येक इमारत म्हणजे पुण्यातला वाडा आहे.

पण त्या चिठ्ठीचा राग मानू नका. हे खरंच शिकण्यासारखं आहे. तिथे माणूस तुमची चूक तुम्हाला सांगतो, तिसऱ्याला नाही. सांगून झालं की त्याच्या मनात काही उरत नाही. आपण मात्र घरी येऊन रात्रभर घोळवत बसतो, आपला अपमान केला, आपण काळे म्हणून केला. कधी कधी ते खरंही असतं, माझ्या वाट्यालाही दोन-तीनदा आलं, आणि तेव्हा तो माणूस चूक दाखवत नाही, तुम्हालाच चूक ठरवतो. हा फरक ओळखा. मिक्सरवाल्या चिठ्ठीत चूक मिक्सरची होती. मी खाली जाऊन माफी मागितली, वाटण संध्याकाळी सहाच्या आत उरकू लागले, मिक्सरखाली टॉवेलची घडी ठेवली. त्याच शेजाऱ्याने पुढे आमचा गीझर दुरुस्त करून दिला.

फोडणीच्या वासाचं एवढंच, की खिडक्या किलकिल्या ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असला तरी, आणि मग बंद. घरात कपडे वाळवता, भात शिजवता, त्याची वाफ भिंतीला धरून काळी बुरशी येते, आणि घर सोडताना तिच्यावरून डिपॉझिट अडकतं.

आता आवाज करायचाच असेल तर? आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी कुजबुजत आरती केली, टाळ रुमालात गुंडाळून. काय ती आरती. दुसऱ्या वर्षी मी तिथली लोकं पार्टीच्या आधी करतात तेच केलं. आठवडाभर आधी जिन्यात कागद लावला: अमुक दिवशी संध्याकाळी सात ते साडेसात आमच्याकडे देवाची गाणी आणि झांजा असतील, थोडा आवाज होईल, समजून घ्यावं, खाली सही आणि फोन. सात वाजता सुरू केलं, साडेसातला थांबलो, अगदी घालीन लोटांगण घाईत म्हणून. दाराशी आजी उभ्या, इस्त्रीचा ब्लाउज, हातात फुलं. त्या उकडीचा मोदक काट्याने कापून खात होत्या आणि गूळ बाहेर आला तेव्हा त्यांनीच आधी मला टिश्यू दिला. पुढची पाच वर्षं त्या कागद लागायची वाट बघायच्या. एका वर्षी मला लावायला उशीर झाला तर त्यांनीच विचारलं, या वर्षी हत्ती कधी?

बाहेरचं बाकी

लाल सिग्नलला रस्ता रिकामा असला तरी थांबा. मोडलात तर पायी माणसाला पाच युरो दंड, पण दंडापेक्षा मागून येणारी हाक वाईट: “मुलं बघतायत!” लहान मूल शेजारी उभं असेल तर खरंच हलू नका. रात्री एक वाजता, एकही गाडी नाही, आणि चार माणसं लाल दिव्यासमोर उभी, हे दृश्य दादरच्या माणसाला आधी वेड्यासारखं वाटतं. परत आल्यावर मी टिळक ब्रिजखाली तशी उभी राहिले, तर मागच्या माणसाने विचारलं, “ताई, बरं वाटत नाहीये का?”

स्टेशनवर फाटक नाही म्हणून तिकीट नाही असं समजू नका. चेकर साध्या कपड्यांत असतो, दंड ६० युरो, आणि तिकीट असून पंच करायचं राहिलं तरी दंड तोच. रिकाम्या सीटवर बसायच्या आधीही शेजाऱ्याला ‘इथे रिकामं आहे का?’ विचारायचं. चौथी सीट नावाचा प्रकार नाही. मी एकदा दोघांच्या बाकावर सवयीने टेकायला गेले, तर तो माणूस बिचारा उठूनच उभा राहिला.

नाक ओढत बसू नका, त्याने ते हैराण होतात. रुमाल काढून भर टेबलावर कर्णा वाजवा, त्याचं कुणाला काही नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात. फुलं न्यायची तर कागद काढून हातात द्या. आणि शेवंती नको. मी पहिल्या नोव्हेंबरात कुणाकडे तरी जाताना दुकानात पांढऱ्या शेवंतीची भरगच्च कुंडी बघितली, आपल्या मार्गशीर्षातल्या गुरुवारची आठवण आली, उचलली. फुलवालीने पैसे घेताना हळू आवाजात विचारलं, कबरीसाठी ना, की दफन आहे? तिथे शेवंती थडग्यावर वाहतात. कुंडी घरी आणली, महालक्ष्मीपुढे ठेवली. तिची काही तक्रार नव्हती.

परवा चौथ्या मजल्यावरचा मुलगा आला होता, पुढच्या आठवड्यात निघतोय. हे सगळं अर्धवट ऐकून घेतलं आणि आईने पाठवलेला प्रश्न शेवटी विचारलाच: काकू, कुकर तीन लिटरचा नेऊ की पाच? म्हटलं, तीनचा ने. बेलवर चिकटवायला आडनावाच्या चार पट्ट्या इथूनच छापून ने, घरात घालायच्या दोन जोड सपाता ने, एक पाहुण्याला. आणि रविवारी दुपारी एक ते तीन शिट्टी काढू नकोस. वरणभात साडेबाराला लाव.

तो म्हणाला, “बघतो.”

“काय म्हणालास?”

“हो काकू. साडेबाराला.”